इंदूरभोवतीचं रान राखायचं तर : बारा माणसं, पाव एकर, तीन पावसाळे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. टिळकनगर आणि आसपासची पंचवीसेक माणसं, बहुतेक नोकरदार, काही निवृत्त, रविवारची सकाळ मोकळी. गेल्या पावसाळ्यात चोरलच्या वाटेवर एका माळावर तीनशे रोपं लावली, उन्हाळ्यापर्यंत त्यातली मोजकी उरली. आता सिरपूर तलावात जलकुंभी (जलपर्णी) काढावी की टेकडीवर घाणेरी (टणटणी, लँटाना) उपटावी, कोणत्या महिन्यात काय करावं, हत्यारं कोणती, परवानगी कुणाची आणि शाळेतली मुलं आणली तर चालतील का.

आधी त्या रोपांचं बोलू. ती मेली याचं फार वाईट वाटून घेऊ नका, कारण जगली असती तर माळाचं नुकसानच झालं असतं. माळव्याच्या पठारावर जिथे काळी माती संपून मुरूम वर येतो, मातीचा थर वीतभरही नसतो, तिथे मूळची वस्ती गवताची. मधूनमधून एखादी बोर, हिवर, पळस. अशा जागेवर चंडोल, टिटवी, धाविक, ससे, खोकड राहतात आणि त्यांना उघडं, दूरवर दिसणारं रानच लागतं. धार जिल्ह्यातलं सरदारपूर आणि रतलाम जिल्ह्यातलं सैलाना ही दोन अभयारण्यं १९८३ मध्ये खरमोर या एका पक्ष्यासाठी केली गेली. हा पक्षी पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावतो आणि जमिनीवर अंडी घालतो. त्याच्या बीडावर, म्हणजे राखलेल्या गवताळ रानावर, कुणी करंजाची रांग लावली तर तो यायचा थांबेल. माळ म्हणजे झाडं तुटून उजाड झालेलं जंगल, हा समज आधी काढून टाका. निम्मी चुकीची कामं त्यातूनच निघतात.

खरोखरच्या जंगलातही, म्हणजे चोरल, महू, जानापावच्या उतारांवर, बाहेरून रोप आणण्याआधी खाली वाकून पाहा. साग, पळस, टेंभुर्णी, धावडा, मोई यांची जुनी खोडं आणि मुळं जमिनीत जिवंत असतात. दरवर्षी फुटतात, गुरं खातात, वणव्यात जळतात, पुन्हा फुटतात. अशा फुटव्याभोवतीची घाणेरी काढून त्याला दोन पावसाळे जनावरांपासून सांभाळलं, तर तो नर्सरीतल्या रोपाला दोन वर्षांत मागे टाकतो, कारण त्याची मुळं आधीच खोल गेलेली असतात. एका बुंध्याला पाच-सहा फुटवे असतील तर सरळ, जोमदार असा एक ठेवून बाकीचे काढतात. पण हे काम वनरक्षक सोबत असतानाच करा. वनजमिनीवर सागाच्या फांदीला कोयता लावणाऱ्या अनोळखी माणसाचा हेतू कुणी विचारत बसत नाही.

आणखी एक इंदुरी अडचण आहे. २०१७ पासून शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि आपल्या हातांना झाडून लख्ख करायची सवय लागली. प्लास्टिक, बाटल्या, गुटख्याच्या पुड्या जरूर उचला. पण पालापाचोळा, पडलेलं खोड, उभं वाळलेलं झाड, काटेरी बोरीचं जाळं हा कचरा नव्हे. वाळक्या खोडाच्या ढोलीत पिंगळा आणि तांबट घर करतात, पाचोळ्याखाली ओल टिकते, बोरीच्या जाळ्यात लावे लपतात. स्वयंसेवक येऊन गेल्यावर जागा बागेसारखी दिसू लागली, तर काहीतरी चुकलंय असं समजा.

जागा किती घ्यायची

पंचवीस नावं म्हणजे प्रत्यक्षात दर खेपेला बारा माणसं. लग्नसराई, परीक्षा, गणपती धरून हाच आकडा खरा मानावा. बारा माणसांसाठी पहिल्या वर्षी पंचवीस मीटर बाय चाळीस मीटर, म्हणजे साधारण पाव एकर, एवढीच जागा घ्या. ऐकायला फारच थोडं वाटतं. पण घाणेरी काढणं हा कामाचा लहान भाग आहे, तिच्या जागी पुन्हा काय उगवतंय याकडे तीन पावसाळे लक्ष ठेवणं हा मोठा. एका रविवारी दीडशे माणसं आणून दोन एकर साफ केले, फोटो काढले आणि पुन्हा कुणी फिरकलं नाही, तर पुढच्या सप्टेंबरात तिथे कमरेएवढं गाजरगवत, टाकळा आणि रानतुळस उभी असते, त्यातून घाणेरीची नवी रोपं वर येत असतात. मूळ अवस्थेपेक्षा ते वाईट. जेवढी जागा पुन्हा पुन्हा येऊन राखता येईल तेवढीच उघडी करा.

जागा निवडताना घाणेरीच्या गर्दीच्या मधोमध शिरू नका. जिथे चांगलं गवत अजून शिल्लक आहे आणि घाणेरी त्यात घुसू लागली आहे, त्या काठावर सुरुवात करा. गवताचं बी शेजारीच असतं, झुडपं लहान असतात, काम पटापट पुढे सरकतं. गर्द जाळीपर्यंत तिसऱ्या वर्षी पोचलात तरी चालेल. डोंगरउतारावर काम वरून खाली न्या. पावसाच्या पाण्याबरोबर बी खालीच येतं. खालचा पट्टा आधी केलात तर दरवर्षी वरून नवा पुरवठा होत राहील.

घाणेरी

घाणेरी कापून मरत नाही. कापली की बुंध्यापासून दुप्पट फांद्या फुटतात. कारण असं की खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या गाठीसारख्या भागातून नवे कोंब येतात आणि तो भाग मातीच्या पातळीला किंवा जरासा खाली असतो. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या गटाने रूढ केलेली पद्धत याच गोष्टीवर उभी आहे: मुख्य मूळ त्या गाठीच्या खाली, जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं. खोल खणायची गरज नाही. खालचं उरलेलं मूळ पुन्हा फुटत नाही.

प्रत्यक्षात दोघांची जोडी लागते. एकजण लांब बेचक्याच्या काठीने फांद्या उचलून धरतो. दुसरा अरुंद पात्याच्या कुदळीने किंवा गैंतीच्या (टिकावाच्या) चपट्या बाजूने बुंध्याभोवतीची माती दोन-तीन बोटं बाजूला करतो, मूळ दिसलं की तिरका घाव घालतो. मुळाला हात लावून गाठ कुठे संपते ते चाचपून घ्या. पहिली दहा झुडपं हळू करा, मग डोळा बसतो. फांद्या छाटत बसू नका. त्यात अर्धी सकाळ जाते, तुकडे पसरतात आणि ओल्या मातीला टेकलेला तुकडा मुळं धरतो. जाळी अगदीच अभेद्य असेल तर आत शिरायला एका बाजूने बोळ काढा, तेवढंच. जुन्या झुडपाच्या लोळलेल्या फांद्या जिथे जमिनीला टेकल्या तिथे त्यांनी वेगळी मुळं सोडलेली असतात. नवखी माणसं हमखास हेच विसरतात आणि महिन्याभराने ‘मेलेली’ घाणेरी दोन हातांवर हिरवी होते.

काढलेलं झुडूप मुळं वर, शेंडा खाली असं दुसऱ्या झुडपांच्या ढिगावर टाका. मुळांना माती टेकता कामा नये. आठवड्याभराचं कडक ऊन मिळालं तर ते मरतं, रिपरिप चालू असेल तर महिनाही लागतो. ढीग पेटवू नका. वाळलेल्या काड्या वन समितीच्या गावकऱ्यांना सरपणाला देता येतात. जाडसर काड्या ओघळीत आडव्या टाकून, मागे दगड रचून मातीही अडवता येते. तसा बांध मध्ये खोलगट आणि दोन्ही टोकांना उंच ठेवा, टोकं काठाच्या मातीत फूटभर आत घाला. नाहीतर पहिल्याच जोरदार पावसात पाणी बाजूने काठ कापत निघून जातं.

जेसीबीचा मोह होईल, कुणीतरी फुकट देऊही करेल. नको म्हणा. तो मातीचा थर उलटापालटा करतो, वर्षानुवर्षं पडलेलं बी उजेडात आणतो आणि गवताचे उरलेसुरले ठोंब गाडतो.

महिना कोणता, यावर नेहमी वाद होतो. मे महिन्यात आपली जमीन दगड असते, मूळ तुटत नाही, कुदळीचा दांडा तुटतो. जून-जुलैत माती मऊ, पण जाळीत बुलबुलांची घरटी असतात. सप्टेंबरनंतर काळी फळं पिकून पक्षी बी पसरवू लागतात. आमचं मत जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट, तेही दोन-तीन दिवसांची उघडीप पाहून. काळ्या मातीत सलग पावसानंतर काम केलं तर प्रत्येक गमबूट दोन किलोचा होतो आणि पायाखालची जमीन घट्ट दाबली जाते. झुडूप हलवण्याआधी दोघांपैकी एकाने वाकून आत बघायचं. घरटं दिसलं तर लाल चिंधी बांधून ते झुडूप सोडून द्या, ऑक्टोबरात परत या. फळं लागलेली असतील तर आधी ती पोत्यात काढून घ्या. सगळी घाणेरी एका वर्षी काढूही नका. रानडुकरं, ससे, मुंगूस यांनी तिचाच आडोसा केलेला असतो. पट्टे सोडत जा.

पहिल्या काढणीनंतरच्या खेपा आताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. ऑक्टोबरात चुकलेली मुळं आणि फुटवे. पुढच्या जुलैत बियांपासून आलेली रोपं, आणि ही सर्वांत महत्त्वाची खेप. रोपं पेन्सिलीएवढी असताना ओल्या मातीतून हाताने मुळासकट निघतात, वर्षभर थांबलात तर पुन्हा कुदळ लागते. ती कुठे शोधायची? पक्षी बसतात त्या झाडांखाली, कुंपणाच्या तारेखाली, मोठ्या दगडांच्या बाजूला. तिसऱ्या पावसाळ्यात ही संख्या हाताच्या बोटांवर आली, तर शेजारचा पाव एकर घ्यायला हरकत नाही.

मोकळ्या झालेल्या जागेत गवत

घाणेरी काढलेली जमीन रिकामी राहत नाही. गवत तुम्ही आणलं नाही तर गाजरगवत येतं. म्हणून गवताचं बी काढणीच्या आदल्या वर्षी गोळा करायला हवं, आणि इथेच बहुतेक गट चुकतात. आधी उपटणं, मग विचार.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळच्याच राखलेल्या बीडातून, मालकाला विचारून, पवन्या, मारवेल आणि थोडी कुसळी घ्या. लोंबीवरून मूठ ओढली की बी सहज हातात आलं पाहिजे. ओढून काढावं लागलं तर कच्चं आहे. पाच-सहा दिवस सावलीत वाळवून कापडी पिशवीत टांगून ठेवा. प्लास्टिकमध्ये बुरशी येते. ताजं बी नीट उगवत नाही, पुढच्या जूनपर्यंत थांबणं त्याच्या फायद्याचंच असतं. पेरण्याआधी शंभर कणसुलं नखाने फोडून आत दाणा आहे का ते मोजा. रानातल्या बियांत निम्म्याहून जास्त पोकळ निघणं नेहमीचंच. शुद्ध बी हेक्टरी साधारण पाच किलो धरतात, म्हणजे तुमच्या पाव एकराला अर्धा किलो. पण पोकळ आणि कुसळासकट गोळा केलेलं असेल तर दीड किलो हाताशी ठेवा. कुसळी एकटीच पेरू नका, तिची कुसळं जनावरांच्या तोंडात रुततात आणि गावकरी तुम्हाला दुवा देणार नाहीत.

नुसतं बी फेकलं तर वाऱ्याने उडतं, मुंग्या नेतात. एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चाळलेली चिकणमाती आणि एक भाग वाळू पाण्यात मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा, सावलीत वाळवा. जागा मोकळी झाल्यावर पावसाची पहिली चांगली सर झाली की अर्ध्या मीटरवर ओळी आखून उथळ सरीत टाका, वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती. खोल गेलं की संपलं. मारवेलचे ठोंबही लावता येतात: जुनं बेट उकरून दोन-तीन फुटव्यांचा एकेक तुकडा, पानं वीतभर ठेवून छाटलेली, अर्धा बाय अर्धा मीटर अंतराने. पाव एकराला चार हजार तुकडे लागतात. म्हणून ठोंब फक्त ओघळीच्या काठाला आणि उताराच्या उघड्या पट्ट्यांना, बाकी बी.

त्यानंतर चराई. दोन पावसाळे गुरं आत गेली नाहीत तर गवत बसतं, गेली तर सगळं पाण्यात. तारेच्या कुंपणापेक्षा गुराख्याशी केलेला करार टिकाऊ असतो. नोव्हेंबरात बी गळल्यावर गवत कापून न्यायचं, सोडायची नाहीत गुरं, असं ठरवा आणि पहिल्या वर्षी कापणीला स्वतः हात लावा. कापणी जमिनीपासून चार बोटं वर. जुलै ते सप्टेंबर विळा अजिबात नको, तेव्हा जमिनीवर अंडी-पिल्लं असतात. झाबुआच्या हाथीपावा टेकडीवर भिल्ल समाज हलमा, म्हणजे सामूहिक श्रमदान, करतो तेव्हा प्रत्येकजण आपली गैंती, आपली तगारी घेऊन येतो आणि काम सगळ्यांचं म्हणून होतं. शहरातून जाणाऱ्यांनी त्यातून एवढं जरी घेतलं की गावाला विचारून, गावाबरोबर काम करायचं, तरी पुष्कळ.

गाजरगवताबद्दल थोडक्यात. पहिल्या पावसानंतर महिना-दीड महिन्यात ते फुलतं, एक झाड हजारो बिया टाकतं. त्यामुळे जुलैच्या मध्यावर एक आणि ऑगस्टच्या मध्यावर दुसरी अशा दोन फेऱ्या, फुलाआधी, ओल्या मातीतून, मुळासकट. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. खाज एकदा लागली की दर वर्षी वाढत जाते. दम्याच्या माणसाला या कामावर आणूच नका. फुलं आल्यावर उपटून खांद्यावरून वाहून नेणं म्हणजे वाटभर पेरणी. मिठाचं पाणी फवारायचा सल्ला कुणी दिला तर रानात तो पाळू नका, गवताची मातीही त्यात मरते. पानांवर पिवळसर, काळ्या नागमोडी रेषांचे बारीक भुंगे दिसले तर ते मेक्सिकन भुंगे, १९८४ मध्ये याच तणासाठी भारतात सोडलेले. ते झाडं कुरतडत असतील तर तो तुकडा त्यांच्यावर सोपवा.

सिरपूर

सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही पाणथळं २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर ही ‘पाणथळ शहर’ म्हणून मान्यता मिळालेली देशातली पहिली दोन शहरं ठरली. सिरपूर होळकरांच्या काळातलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. ते आजच्या स्थितीत उरलं यात छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या ‘नेचर व्हॉलंटियर्स’ यांचा मोठा वाटा. तिथे काम करायचं तर नवा फलक लावण्याआधी जे आधीपासून खपत आलेत त्यांना भेटा.

जलकुंभी हा आजार नाही, लक्षण आहे. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद मिळतं तोवर ती वाढणार. अनुकूल उन्हात पसारा दुप्पट व्हायला दोन आठवडे पुरतात, आणि गाळातलं बी दहा-पंधरा वर्षांनीही उगवतं. म्हणून हौशी गटाचं पहिलं काम उपसणं नसून नोंद: तलावात कुठून कुठून नाले येतात, कोणत्या वेळी पाणी काळं किंवा फेसाळ असतं, प्रत्येक जागेचा फोटो तारीख-वेळेसह. असं वर्षभराचं टिपण महापालिकेपुढे ठेवलं की बोलणं वेगळ्या पातळीवर जातं.

उपसायचं तर एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा. हिवाळी बदकं परतलेली असतात, पाणी उतरलेलं असतं, काठावर अडकलेली झाडं फावड्याने ओढता येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाण्याजवळ गर्दी नको. पावसाळ्यात कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या याच तरंगत्या पानांवर, लव्हाळ्यात अंडी घालतात, तेव्हाही नको. गुडघ्याच्या वर पाण्यात कुणीही जायचं नाही, तळाचा गाळ कुठे कंबरभर आहे ते वरून कळत नाही. जिथे वाऱ्याने जलकुंभी साचते त्या कोपऱ्यापुढे बांबू एकमेकांना बांधून तरंगता अडसर टाका, म्हणजे साफ केलेला भाग महिनाभर तरी साफ राहील.

ओढलेला माल काठावरच सोडणं ही सर्वांत मोठी चूक. तो कुजतो आणि सगळं खाद्य पावसाबरोबर परत पाण्यात जातं. भरलेल्या तलावाची रेषा पाहून तिच्या वर किमान दहा मीटर न्या. ओली जलकुंभी जवळजवळ सगळी पाणीच असते, म्हणून आधी काठाच्या वर चार-पाच दिवस उन्हात सुकू द्या, मग वाहा. पाठी वाचतात. तिचं खत होतं: वीतभर जलकुंभी, वर शेणाचा पातळ थर, असे थर, दर पंधरा दिवसांनी पालट, तीन महिने. पण नाल्यात कारखान्याचं पाणी येत असेल तर ते खत भाजीला नको. ही वनस्पती जड धातू शोषून ठेवते. रस्त्याकडेच्या झाडांना घाला.

काठावर बेशरम हे झुडूप असेल तर तिचे तुकडे मोजून गोळा करा. बोटभर तुकडासुद्धा ओल्या गाळात झाड होतो. पाणकणीस मात्र पूर्ण काढू नका. पसरत असेल तर जूनच्या सुरुवातीला, पाणी सर्वांत खाली असताना, अगदी बुडाशी कापा. पावसाने पातळी वर आली की कापलेली थुटं बुडतात, त्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. थुटं पाण्याच्या वर राहिली तर सगळी मेहनत फुकट. निम्मं पाणकणीस चौकडीचौकडीने तसंच ठेवा. आणि उघडा चिखल म्हणजे मोकळी जागा समजून तिथे झाडं लावू नका. तुतवार, शेकाटे तिथेच चरतात.

यशवंत सागरच्या बाजूला सारसांचं काम वेगळं आहे. ते भाताच्या खाचरात, उथळ पाण्यात घरटं करतात. तिथे कुदळीला काम नाही. शेतकऱ्याशी ओळख ठेवायची, घरट्यापासून शंभर मीटर तरी दूर राहायचं आणि जागेचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही.

परवानगी, हत्यारं, जोखीम

वनजमिनीसाठी वनमंडळ अधिकाऱ्यांना लेखी अर्ज: जागेचा नकाशा, कोणत्या प्रजाती काढणार, किती माणसं, कोणत्या तारखा. रेंज ऑफिसला प्रत. रालामंडल अभयारण्य आहे, तिथे वन्यजीव कायदा लागू. विभागाने बोलावल्याशिवाय आणि कर्मचारी सोबत असल्याशिवाय एक काडी उचलायची नाही. गावाच्या चरनोईवर (गायरानावर) ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, शहरातल्या तलावांसाठी महापालिका. अर्जात ‘वृक्षारोपण’ लिहिलं की परवानगी लवकर मिळते हे खरं, पण मग झाडंच लावावी लागतात.

बारा माणसांना सहा अरुंद कुदळी किंवा गैंत्या, सहा बेचक्याच्या काठ्या, तीन कोयते, दोन पहारी, चार विळे, चार तगाऱ्या, चामड्याच्या हातमोज्यांचे बारा जोड आणि दोन कानशी. कानस विसरू नका. बोथट कुदळ मूळ तोडत नाही, चेचते, आणि मारणारा जोर वाढवत जातो तिथेच घसरते. दांडे आदल्या दिवशी हलवून पाहा, सैल असतील तर पाचर मारा. काम करणाऱ्या जोड्यांत तीन मीटर अंतर. नवी माणसं पहिल्या दिवशी काठी धरतील, दुसऱ्या खेपेला कुदळ. अडीच तासांपेक्षा जास्त काम नको. अपघात शेवटच्या अर्ध्या तासात होतात, जेव्हा कुणीतरी म्हणतं की एवढं एक झुडूप उरकून टाकू.

पावसाळ्यात घोणस आणि मण्यार दोन्ही असतात. गमबूट सक्तीचे, ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवायचं. साप चावला तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही. अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, सरळ दवाखाना. चोरलकडे काम असेल तर सर्पविषावरचं औषध जवळ कुठे उपलब्ध आहे हे त्या आठवड्यात फोन करून खात्री करा. शहरात एमवाय रुग्णालय आहेच, पण घाटातून तिथवर किती वेळ लागतो ते आधी मोजलेलं असावं, गाडी तोंड बाहेर करून उभी असावी. मोठ्या झाडांवर आग्यामोहोळ आहे का ते वर बघूनच जागा ठरवा. मार्च-एप्रिलात जंगलात विडी-काडी पूर्ण बंद. तेव्हा मोहाखाली पाचोळा पेटवायची रीत आहे, त्यातून वणवे लागतात. गावकऱ्यांबरोबर फुलं पडण्याआधी झाडाखालची जागा झाडून दिली तर पेटवायचं कारण उरत नाही. आपल्या झाडण्याच्या सवयीचा हा एक खरा उपयोग.

नोंदी साध्या ठेवा. पाव एकराच्या पाच ठिकाणी खुंटी ठोका, प्रत्येक खुंटीजवळ बांबूची एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून घाणेरीची रोपं, गाजरगवत आणि गवताचे ठोंब मोजा, जुलै आणि ऑक्टोबर अशा दोन वेळा. एका खुंटीवरून त्याच दिशेला, त्याच उंचीवरून फोटो. माणसं बदलतात, खुंट्या राहतात. किती किलो काढलं हा आकडा वर्तमानपत्राला आवडतो, पण त्यावरून जागेचं काही कळत नाही. म्हणून पत्रकात तो द्यायचा असेल तर चौकटीचा आकडाही शेजारी द्या.

मुलं जरूर आणा, सहावीच्या पुढची, दर पाच मुलांमागे एक मोठं माणूस धरून. त्यांना कुदळ, कोयता आणि पाणी या तीन गोष्टींपासून लांब ठेवा. ऑक्टोबरात बी गोळा करणं, दाणे फोडून मोजणं, मे महिन्यात मातीच्या गोळ्या वळणं, जुलैत पेन्सिलीएवढी घाणेरी उपटणं, चौकटी मोजणं ही कामं ती मोठ्यांपेक्षा चांगली करतात, कारण जमिनीच्या जवळ असतात आणि कंटाळली तरी मोजणं अर्धवट सोडत नाहीत. फक्त उपटण्याआधी प्रत्येकाने पान चुरगळून वास घेतलाच पाहिजे असा नियम करा. घाणेरीच्या वासात चूक होत नाही, आणि मुलांच्या हातून चुकून बोरीची किंवा निर्गुडीची रोपं जायची राहतात.